द्राक्षभूमी आणि ताडवने

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस शांती नगर ही विस्तीर्ण वसाहत आहे. तिच्या सेक्टरांतून व एकाच साच्याच्या इमारतींमधून हिंडणाऱ्या मनुष्यास, हा सारा टापू एके काळी खाजणांचा, मिठागरांचा व भातखाचरांचा होता हे कोणी सांगितल्यावाचून उमजत नाही. लोहमार्ग ओलांडून पश्चिमेस यावे, मुर्धे, राई व मोर्वे ही गावे मागे टाकून डोंगरी-उत्तनचा रस्ता धरावा, म्हणजे मात्र जुन्या साष्टीच्या काही खुणा दिसू लागतात. देवळे व चर्चे, कोळ्यांची घरे, वाळत घातलेले बोंबील आणि मधूनमधून आकाशात उभे राहिलेले ताड. ह्या ताडांकडे आता फारसे कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखकही कित्येक वर्षे त्यांच्याखालून गेला, परंतु त्याने ते पाहिले नव्हते.

ते पाहण्यास कारण घडले ते एका चर्चेचे. विषय होता सांस्कृतिक पर्यटन. वक्त्यांनी पोर्तुगालमधील दोरू नदीचे खोरे, फ्रान्समधील बूर्गोन्य, स्वित्झर्लंडमधील लाव्हो अशी एकामागून एक द्राक्षभूमींची उदाहरणे दिली. पेयाच्या इतिहासाने भूमीला आकार कसा दिला आणि तो आकार पाहण्यासाठी प्रवासी कसे येतात, ह्याचे विवेचन सुरेख झाले. शेवटी एका विद्यार्थ्याने विचारले, की आमच्या ठाणे जिल्ह्यात असे काही आहे काय? सभागृहात हशा पिकला. त्या हशाचा अर्थ स्पष्ट होता : त्यांची ती संस्कृती आणि आमची ती ताडी. विद्यार्थी ओशाळून खाली बसला. वस्तुतः त्या सभेत विचारला गेलेला तो एकच प्रश्न इतिहासाचा होता, आणि प्रस्तुत लेख म्हणजे त्यास दिलेले उशिराचे उत्तर आहे.

उत्तराचा मथितार्थ आरंभीच सांगून टाकतो. पेय व भूमी ह्यांचा संबंध युरोपातही निसर्गदत्त नव्हता, तो कायद्याने घडविला. आमच्याकडेही कायदा आला, परंतु त्याने तो संबंध तोडला. तिकडे शासनाने मद्याची सीमा जमिनीवर आखली आणि इकडे झाडाच्या बुंध्यावर आकडा मारला. एका ठिकाणी वारसा निर्माण झाला व दुसऱ्या ठिकाणी केवळ महसूल, ह्या भेदाचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

प्रथम ताडवनांकडे वळू. उत्तर कोकणच्या मराठीत ह्या पेयास एक नाव नाही, तीन आहेत. माडापासून निघते ती माडी, ताडापासून निघते ती ताडी आणि शिंदीच्या झाडापासून निघते ती शिंदीच. पेयाचे नाव म्हणजे झाडाचे नाव. फ्रेंच मनुष्य मद्याला गावाचे नाव देतो, आमचा मनुष्य झाडाचे देतो. हा फरक बारीक दिसतो, परंतु त्यात दोन्ही पेयांचा स्वभाव साठवलेला आहे. कारण द्राक्षाचे मद्य पिंपात राहते, वर्षानुवर्षे टिकते, नदीतून व समुद्रातून परदेशी जाते. परदेशी गेलेल्या मालास तो कोठून आला हे सांगावे लागते. ताडी सकाळी गोड असते, दुपारी फेसाळते आणि दुसऱ्या दिवशी आंबून जाते. ती पिणारा मनुष्य झाडापासून हाकेच्या अंतरावर राहतो. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजनच नाही.

ती काढण्याचे काम मुख्यतः भंडाऱ्यांचे. माडाची पोय उमलण्यापूर्वी दोरीने आवळून बांधावयाची, हलक्या हाताने ठोकून मऊ करावयाची, टोक कोयत्याने कापावयाचे आणि खाली मडके लावावयाचे. त्यानंतर रोज दोन-तीन वेळा चढून कापाची नवी चकती काढावयाची. काप थोडा जाड झाला तर पोय लवकर संपते, आणि पातळ राहिला तर रस वाहत नाही. शिंदीच्या झाडाची रीत निराळी, तेथे शेंड्याजवळ खोडासच खाच घेतात. मडक्यास आतून चुना लावला म्हणजे रस आंबत नाही व नीरा मिळते. द्राक्षाच्या वेलीची छाटणी जाणणारा शेतकरी जेवढा कुशल, त्याहून हा कारागीर कमी कुशल होता असे म्हणता येणार नाही. त्यात पुन्हा त्याची शेती जमिनीपासून तीस-चाळीस हातांवर होती.

ह्या पेयाचे लेखी उल्लेख जुने आहेत. १३२१ मध्ये ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला डोमिनिकन धर्मोपदेशक जोर्डानुस ह्याने पुढे आपल्या ग्रंथात हिंदुस्थानातील आश्चर्ये वर्णिली, त्यांत मद्य देणारी झाडे आहेत व ‘तारी’ हे नावही आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य मुंबई बेटाचा खंडकरी होता. १५६३ मध्ये गोव्यास छापलेल्या त्याच्या संवादग्रंथात माडाच्या रसास ‘सुरा’ म्हटले आहे आणि तो ऊर्ध्वपातनाने गाळून केलेल्या दारूसही नाव दिले आहे. संस्कृतातील ‘सुरा’ पोर्तुगीजांच्या तोंडी बसली आणि कोकणीत ‘सुर’ म्हणून ती आजही आहे. उलट दिशेने पोर्तुगीज शब्दही इकडे रुजले. ताडाला मुंबईचे इंग्रज ‘ब्रॅब’ म्हणत. हे ‘पाल्मेयरा ब्राव्हा’, म्हणजे रानटी ताड, ह्याचे अपभ्रष्ट रूप. माडांच्या वाडीस ते ‘ओर्ट’ म्हणत, त्याचे मूळ ‘होर्ता’ म्हणजे बाग. परक्या राज्यकर्त्याने एका झाडास रानटी व दुसऱ्याच्या वाडीस बाग म्हणावे, ह्यात त्याची दृष्टी आपोआप उघडी पडते.

डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली, आणि साष्टीसह हा टापू दोनशे वर्षे त्यांच्या अमलाखाली राहिला. ह्या काळात द्राक्षमद्य व ताडी ही प्रथमच शेजारी आली. त्यांची गाठ कोठे पडली आणि कोठे पडली नाही, हे पाहण्याजोगे आहे. कॅथॉलिक धर्मविधीत मद्य द्राक्षाचेच असावे लागते. त्याच्या जागी ताडाचा रस चालत नाही, मग तो कितीही शुद्ध असो. म्हणून साष्टीतील प्रत्येक चर्चच्या वेदीसाठी लागणारे मद्य शेवटी समुद्रावरून यावयाचे. परंतु मास्यावाचूनच्या जेवणातील पाव, म्हणजे घरचा व बाजारचा पाव, फुगविण्यास खमीर हवे, आणि ते येथे मिळत नव्हते. गोव्याच्या भटारखान्यांत पिठात ताडी घातली जाऊ लागली. ‘पाव’ हा शब्द लिस्बनचा आणि त्याला फुगविणारा रस येथल्या झाडाचा. वेदीवर जिला प्रवेश नव्हता, तिने असा स्वयंपाकघरात प्रवेश मिळविला.

१७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली. डोंगरी-उत्तनजवळचा धारावीचा किल्ला, भाईंदरच्या खाडीचा तो पहारेकरी, १७३९ मध्ये पडला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे वसईने शरणागती पत्करली. उत्तरेचा हा प्रांत गेल्याने पोर्तुगालचे पूर्वेकडील उत्पन्न घटले. त्यानंतर सतरा वर्षांनी त्याच पोर्तुगालात द्राक्षमद्याच्या इतिहासातील एक मोठी घटना घडली. एकीचे कारण दुसरी असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. दोन्ही घटना एकाच राज्याच्या उतरत्या काळातील होत्या, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे पुरे.

दोरू नदीचे वरचे खोरे म्हणजे स्लेटी दगडाचे उभे डोंगर. तेथे माती जवळजवळ नाहीच. दगड फोडून, त्याचीच भिंत रचून आणि त्याच्याच भुग्याची पायरी करून माणसांनी वेलींना जागा करून दिली. १७०३ च्या मेथुएन तहाने पोर्तुगीज मद्यास इंग्लंडात फ्रेंच मद्यापेक्षा एक तृतीयांश कमी जकात लागू झाली आणि मागणी वाढली. मागणी वाढली तशी भेसळही वाढली. पातळ मद्यास रंग यावा म्हणून एल्डर झाडाच्या फळांचा रस त्यात घालीत. अठराव्या शतकाच्या मध्यास भाव कोसळले. तेव्हा पोर्तुगालचा सर्वसत्ताधारी मंत्री, जो पुढे पोंबालचा मार्केस म्हणून प्रसिद्धीस आला, त्याने १० सप्टेंबर १७५६ रोजी एक कंपनी स्थापून दोरूच्या व्यापाराची किल्ली तिच्या हाती दिली आणि निर्यातीचे मद्य कोणत्या भूमीतून यावे हे ठरवून त्या भूमीची मोजणी करविली. सीमेवर ग्रॅनाइटचे कोरीव स्तंभ उभारले गेले. दोन टप्प्यांत मिळून ते ३३५ होते. स्लेटी दगडाच्या मुलखात ग्रॅनाइटचा स्तंभ दुरूनही ओळखू येई.

ह्या स्तंभांचे छायाचित्र घेणाऱ्या प्रवाशास क्वचितच सांगितले जाते, की त्यांच्यामागे रक्त आहे. फेब्रुवारी १७५७ मध्ये पोर्तो शहरातील पिठेवाले व गोरगरीब ह्यांनी कंपनीच्या मक्त्याविरुद्ध दंगा केला. त्याचे शासन म्हणून कित्येकांना फासावर चढविण्यात आले. पुढे सीमेबाहेरच्या इतर प्रांतांतील द्राक्षवेली उपटण्याचेही हुकूम निघाले. एल्डरची लागवड बंद झाली. सीमा ज्यांना आत घेते त्यांना ती वारसा वाटते, ज्यांना बाहेर ठेवते त्यांना ती जुलूम वाटते. हेच नाट्य फ्रान्समधील शँपेन प्रांतात १९११ मध्ये पुन्हा झाले. कोणत्या गावच्या द्राक्षांना ते नाव लावता यावे ह्यावरून दंगे उसळले, कोठारे फोडली गेली व लष्कर आणावे लागले. आज त्याच टेकड्या व तळघरे जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

दोरूच्या कहाणीत एक भाग ह्याहून अधिक बोलका आहे. १८६० नंतरच्या काळात फिलॉक्सेरा नावाचा सूक्ष्म कीटक अमेरिकेतून युरोपात आला आणि मुळे पोखरून त्याने द्राक्षमळे मारले. दोरूही सुटले नाही. शेवटी उपाय सापडला तो अमेरिकन वेलींच्याच मुळांवर युरोपीय वेलींचे कलम करण्याचा. म्हणजे आज जी द्राक्षभूमी शतकानुशतकांची म्हणून दाखविली जाते, तिच्या वेली बहुतेक सर्वत्र परक्या मुळांवर उभ्या आहेत. पुष्कळ पायऱ्यांवर पुन्हा लागवड झालीच नाही. तेथे झुडपे माजली, कोठे ऑलिव्ह लावले गेले. अशा ओसाड पायऱ्यांना तेथील लोक ‘मोर्तोरियु’ म्हणतात, त्या शब्दातच मृत्यूचा अर्थ आहे. २००१ मध्ये वरचे दोरू खोरे जागतिक वारसा ठरले तेव्हा ह्या मृत पायऱ्याही त्या वारशात आल्या. युरोपीयांच्या ह्या एका गोष्टीचे मात्र कौतुक करावयास हवे. जे मेले तेही त्यांनी नकाशावर ठेवले.

प्रवासी तेथे कसे पोहोचले ह्याचाही इतिहास आहे. पूर्वी पिंपे ‘राबेलो’ नावाच्या सपाट तळाच्या नौकांतून धोक्याच्या प्रवाहातून पोर्तोस जात. १८८० मध्ये पिन्याँवपर्यंत आगगाडी आली. १९३७ मध्ये तेथील स्थानकाच्या भिंतींवर द्राक्षतोडणीची चित्रे असलेल्या निळ्या फरशा बसविण्यात आल्या, म्हणजे श्रम चालू असतानाच त्याचे चित्र होऊ लागले होते. पुढे धरणे झाली, मालमोटारी आल्या, नौकांचे काम संपले. आता त्या व्हिला नोव्हा द गाया येथे कोठारांसमोर शोभेसाठी नांगरलेल्या असतात.

फ्रान्समधील सँ-तेमिलियोंची हद्द इंग्लंडच्या राजाच्या अमलात, १२८९ मध्ये, आठ पॅरिशांची म्हणून ठरली होती आणि १९९९ मध्ये तिला जागतिक वारशात स्थान मिळाले. बूर्गोन्यमधील भिंतींनी वेगळ्या केलेल्या हजाराहून अधिक तुकड्यांना ते स्थान २०१५ मध्ये मिळाले. ह्या ठिकाणांची वर्णने सर्वत्र उपलब्ध असल्याने येथे त्यांचा विस्तार करीत नाही. एका उदाहरणाकडे मात्र डोळेझाक करणे अनुचित होईल. द्राक्षमळ्यांतून प्रवाशांना नेणारा जो राजमार्ग ह्या प्रकारच्या पर्यटनाचा आदर्श मानला जातो, तो जर्मन मद्यमार्ग ऑक्टोबर १९३५ मध्ये उघडला, म्हणजे नाझी राजवटीत. पॅलेटिनेट प्रांतातील मद्याच्या व्यापारात ज्यू व्यापाऱ्यांचे स्थान मोठे होते. त्यांना व्यापारातून हुसकावण्यात येत होते आणि मद्य तर पडून होते. तेव्हा गिऱ्हाइकासच मळ्यापर्यंत आणण्याची योजना निघाली. फ्रान्समधील अल्सासचा मार्ग १९५३ चा, तो युद्धानंतरच्या उभारणीचा. मार्ग दोन्ही सुंदर आहेत. परंतु सांस्कृतिक पर्यटन म्हणजे संस्कृतीचे आपसूक उमललेले फूल, ही समजूत ह्या दोन तारखा शेजारी ठेवल्या म्हणजे टिकत नाही.

आता पुन्हा ठाणे जिल्ह्यात येऊ. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि साल्बाईच्या तहाने, १७८२ मध्ये, ती त्यांच्याकडे कायम झाली. इंग्रजांच्या मेजावर मादेयरा बेटाचे मद्य असे. उष्ण कटिबंधातून पिंपे नेली की त्याची चव सुधारते, अशी ख्याती असल्याने ते हिंदुस्थानाची वारी करून परत जाई. त्यावर जकात बंदरात घेता येत असे, कारण पिंप मोजता येते. ताडीचे काय करावे? ती बंदरात येत नाही, कोठारात राहत नाही, दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकत नाही. तिच्यावर कर बसवावयाचा तर झाडावर बसविला पाहिजे. नाशवंत पेयाचा हा स्वभाव शासनास बुंध्यापर्यंत घेऊन आला.

१८७८ चा मुंबई आबकारी कायदा ह्या दृष्टीने वाचावयास हवा. परवान्यावाचून झाडाचा रस काढणे गुन्हा ठरले. छेदावयाच्या झाडांची मोजदाद होऊ लागली, त्यांच्यावर खुणा व आकडे आले, दर झाडामागे कर द्यावा लागू लागला आणि तो चढत गेला. घरोघरी व गावोगावी ताडी किंवा मोह गाळण्याची रीत होती, ती बंद पाडून दारू मध्यवर्ती भट्ट्यांत काढावयाची व मक्तेदारामार्फत विकावयाची ही पद्धत रूढ करण्यात आली. उरण येथे अशा भट्ट्यांचे केंद्रच झाले. १८९२ मध्ये खास ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांसंबंधी कायदा झाला. आदिवासी जी फुले उपासमारीच्या दिवसांत खात असत, ती बाळगण्यावरही बंधन आले. डेव्हिड हार्डिमन ह्यांनी दक्षिण गुजरातेविषयी व इंद्रा मुन्शी सलढाणा ह्यांनी ठाणे जिल्ह्याविषयी जे संशोधन केले आहे, त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. झाडाचे सौम्य पेय महाग व दुर्मीळ झाले आणि भट्टीची कडक दारू त्याच्या जागी बसली.

पोंबालचा कायदाही काही सौम्य नव्हता, हे वर पाहिलेच. मग परिणाम भिन्न का झाला? पोंबालच्या स्तंभाने सांगितले, की ह्या मातीचे मद्य दुसऱ्या कोणत्याही मातीत होत नाही. ही खोटी गोष्ट असेल किंवा अर्धी खरी असेल, परंतु तिने मातीला किंमत आली, आणि ज्याला किंमत आली ते जपले गेले. आबकारीच्या आकड्याने सांगितले, की सर्व ताड सारखे आहेत व प्रत्येकाचे देणे अमुक इतके आहे. उत्तनचा ताड व डहाणूचा ताड ह्यांत फरक करण्याचे कारणच उरले नाही. माडी, ताडी, शिंदी, मोहाची ही झाडांची नावे मागे पडून कायद्याच्या व मक्त्याच्या भाषेत ‘देशी दारू’ हे एकच नाव शिल्लक राहिले. युरोपातील बाटलीवर गावाचे नाव असते. आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘सरकारमान्य’ हा एकच शब्द मोठा असतो, जणू काही ते पेय शासनाच्याच भूमीत उगवते.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे, आणि तो हलका नाही. मद्याच्या वारशाचे गोडवे गाणारा मनुष्य मद्याने उद्ध्वस्त झालेल्या घरांविषयी बोलत नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० मध्ये, शहरातील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध त्यांनी पत्र लिहिले होते. त्यात दारूने होणाऱ्या नाशाची चीड आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामागेही ती चीड होती. तिला परकीयांची नक्कल म्हणून बाजूस सारणे सर्वस्वी चुकीचे होईल. तथापि फुल्यांच्या डोळ्यांपुढे दुकाने होती, झाडे नव्हती. १९५० पासून मुंबई राज्यभर बंदी आली तेव्हा मात्र दुकान व झाड ह्यांत फारसा भेद राहिला नाही. पुढे बंदी शिथिल झाली, परवान्याची ताडी-माडी केंद्रे निघाली, परंतु मधल्या काळात चढणाऱ्यांची एक पिढी झाडावरून उतरली होती आणि गिरणीत, गोदीत, कचेरीत गेली होती. त्यांच्या मुलांना पुन्हा झाडावर चढा असे सांगण्याचा अधिकार निदान आम्हां अध्यापकांना नाही.

पेय बदलले की कायद्याची भाषाही कशी बदलते, हे महाराष्ट्रातच पाहता येते. नाशिक, पुणे, सांगली व सोलापूर ह्या जिल्ह्यांत खाण्याच्या द्राक्षांची शेती जुनी. दौलताबादची द्राक्षे तर चौदाव्या शतकात इब्न बतूताने वाखाणली होती आणि वेलीस वर्षातून दोनदा फळ येते असे त्याने नोंदविले होते. युरोपीय वेल हिवाळ्यात झोपते. आमची झोपत नाही, म्हणून तिला कात्रीने झोपवावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोड्या बहाराची छाटणी, ह्या दोन छाटण्यांवर येथील सारे शास्त्र उभे आहे. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, नाशकात ती जानेवारी ते मार्च ह्या महिन्यांत. मद्यासाठी मोठ्या प्रमाणावर प्रयत्न झाला तो १९८० नंतर, जुन्नर तालुक्यात नारायणगावी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात फ्रेंच जातींच्या वेली लागल्या. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, अबकारी शुल्कात सवलती दिल्या आणि निफाड तालुक्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन उद्यानांची योजना केली. ‘नाशिक व्हॅली वाईन’ ह्या नावास भौगोलिक मानांकन मिळाले. मळ्यांत उपाहारगृहे आली, राहण्याच्या सोयी आल्या, तोडणीच्या दिवसांत द्राक्षे पायाने तुडविण्याचा खेळ आला. मुंबईहून शनिवारी निघालेला प्रवासी, मग तो शांती नगरचा का असेना, तेथे आता चाखण्यापूर्वी पेला फिरवून त्याचा वास घेण्यास शिकला आहे.

ह्यात नक्कल आहे म्हणून तिची टवाळी करणे सोपे आहे. मला ते रुचत नाही. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला, आणि २००९ मध्ये गोव्याच्या काजूफेणीस भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा तिला कोणी परकी म्हटले नाही. नाशिकची वेलही पुष्कळदा ‘डॉगरिज’ ह्या अमेरिकन मुळावर कलम केलेली असते, दोरूच्या वेलीप्रमाणेच. परकेपणा हा आक्षेप होऊ शकत नाही. आक्षेप असेल तर तो आमच्या दुटप्पीपणाचा. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि त्यावर राज्यभर वाद झाला. त्या वादात समर्थकांचा मुख्य मुद्दा द्राक्ष-शेतकऱ्याचे हित हा होता. तो मुद्दा खरा आहे की नाही हा प्रश्न निराळा. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की पेयाच्या बाजूने बोलताना शेतकऱ्याचे नाव घेता येते हे द्राक्षाच्या वेळी सर्वांस सुचले. १८७८ पासून आजतागायत ताडाच्या वेळी ते फारसे कोणास सुचले नाही.

डोंगरी, उत्तन, गोराई व मनोरी ह्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांत, ज्या समाजाने १८८७ पासून स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले त्यांच्या घरांत, नाताळास द्राक्षांची किंवा आल्याची वाईन घरी करण्याची चाल आहे, आणि लग्नसमारंभात मसाले घालून ऊन केलेली ‘खिमट’ देतात. हा दोन परंपरांचा सांधा कोणत्याही प्रवासी मार्गदर्शिकेसाठी तयार झालेला नाही. द्राक्षाचा विधी आणि झाडाचा व्यवहार ही दोन्ही एकाच अंगणात नांदत होती, हे तेथे अजून समजते.

त्या विद्यार्थ्यास उत्तर द्यावयाचे तर साधनांपासून आरंभ करावा लागेल. एक विचित्र योगायोग असा, की ज्या मोजदादीने ही वने मारली तीच आता त्यांच्या इतिहासाचे मुख्य साधन आहे. मुंबई इलाख्याच्या आबकारी खात्याचे वार्षिक अहवाल छापलेले आहेत आणि त्यांत जिल्हावार छेदलेल्या झाडांचे आकडे आहेत. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर आहे. गावांच्या जुन्या नकाशांवर वाड्यांची नावे आहेत. हे आकडे व नकाशे बरोबर घेऊन मुर्ध्यापासून उत्तनपर्यंत पायी जावे, उभे असलेले ताड मोजावे, आणि ज्यांच्या आजोबांच्या हाती कोयता होता अशा घरी बसून पोय कशी बांधीत ते विचारून घ्यावे. जाण्यास थंडीचे दिवस बरे. तेव्हा रस चांगला उतरतो, आणि कोणी चढणारा अद्याप उरला असेल तर तो सकाळी लवकर झाडावर भेटेल.